गॅलिका: फ्रेंच वृत्तपत्रांचा मोफत साठा आणि त्यामागचे ज्याँ-नोएल जानने

१८६० ते १९४२ या काळातल्या फ्रान्सच्या राजकारणावर किंवा पत्रकारितेवर काम करायचं असेल तर गॅलिकाला पर्याय नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची, म्हणजे बीएनएफची, ही डिजिटल शाखा १९९७ साली सुरू झाली. तिला नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि ती जगात कुठूनही उघडते. पुस्तकं, वृत्तपत्रं, हस्तलिखितं, नकाशे, छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं असे सुमारे एक कोटी दस्तऐवज आज तिच्यात आहेत. तरीही बरेच जण पहिल्याच तासात वैतागून ती बंद करतात. चौकटीत नाव टाकायचं आणि पहिल्या पाच निकालांत उत्तर मिळायचं, या सवयीने गेलं की गॅलिका हाताला लागत नाही. ग्रंथालय म्हणून ती उत्कृष्ट आहे, शोधयंत्र म्हणून मध्यम.

हा स्वभाव तिच्यात कुठून आला हे समजायला एका माणसाची कारकीर्द पाहावी लागते. माध्यमांचे इतिहासकार आणि राजकारणी ज्याँ-नोएल जानने हे २००२ ते २००७ या काळात बीएनएफचे अध्यक्ष होते. त्यांनी आयुष्यभर ज्या प्रकारच्या साधनांवर संशोधन केलं तीच साधनं गॅलिकावर आज सगळ्यांत भक्कम आहेत, आणि त्यांना जी अडचण आली तीच गॅलिका अजून सोडवू शकलेली नाही.

जानने यांचा जन्म १९४२ सालचा, ग्रनोबलचा. घराणं सार्वजनिक जीवनातलं. आजोबा ज्यूल जानने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पंतप्रधान क्लेमाँसो यांच्या सरकारात होते आणि १९३२ पासून सेनेटचे अध्यक्ष. वडील ज्याँ-मार्सेल द गोल यांचे मंत्री. नातू आधी इतिहासाकडे वळला. पोलादसम्राट आणि लोकप्रतिनिधी फ्राँस्वा द वांदेल यांच्यावरचा त्यांचा प्रबंध १९७६ साली पुस्तकरूपाने आला. पैसा आणि सत्ता एकमेकांना नेमके कुठे भेटतात, हा त्याचा विषय. त्याच्या आदल्याच वर्षी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आर्थिक पत्रकारिता कशी विकली जात होती यावर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला होता.

हे काम माहीत असेल तर गॅलिकावरचं ‘ल ताँ’ वेगळ्या नजरेने वाचलं जातं. १८६१ ते १९४२ असं चाललेलं हे दैनिक त्या काळी फ्रान्सचं सर्वांत गंभीर पत्र मानलं जाई. खप फार मोठा नव्हता; ‘ल पती पारिझियाँ’ १९१४ साली सुमारे १५ लाख प्रती छापत होतं, ‘ल ताँ’ त्याच्या जवळपासही नव्हतं. पण मंत्री, राजदूत आणि बँकवाले ‘ल ताँ’ वाचत. १९२९ नंतर पोलाद आणि कोळसा उद्योगांच्या मंडळींनी ते पडद्याआडून विकत घेतलं, त्यात द वांदेल होते, आणि १९३१ पासून एमिल मिरो आणि जाक शास्तने हे दोघे संचालक झाले. वाचकाला याचा पत्ता नव्हता. द वांदेल यांच्या खासगी कागदपत्रांतून हा व्यवहार जानने यांनी बाहेर काढला.

गॅलिकावरही वाचकाला याचा पत्ता लागत नाही, ही माझी पहिली ठोस तक्रार. वृत्तपत्राच्या माहितीपत्रात नाव, उपशीर्षक, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, प्रकाशनस्थळ, फार तर संचालकांची नावं एवढंच असतं. मालकी कधी बदलली, पैसा कुणाचा होता, याबद्दल अक्षर नाही. आर्थिक पान उद्धृत करण्याआधी ही माहिती बाहेरून मिळवावीच लागते. पहिल्या महायुद्धापूर्वी रशियन कर्जरोख्यांची भलामण करण्यासाठी पॅरिसच्या वृत्तपत्रांना पैसे वाटले गेले, हे १९२३–२४ साली ‘ल्युमानिते’ या कम्युनिस्ट दैनिकाने रशियन सरकारचा पॅरिसमधला हस्तक राफालोविच याची पत्रं छापली तेव्हा उघड झालं. १९०५ सालची रोख्यांची स्तुती गॅलिकावर वाचणाऱ्याला ही पार्श्वभूमी माहीत नसेल तर तो जाहिरातीला बातमी समजून बसेल. ग्रंथालयाकडे ही माहिती आहे, तज्ज्ञ आहेत. शंभरेक मोठ्या दैनिकांना एकेका पानाचं टिपण जोडणं अवघड नाही.

आता २००५ सालाकडे. १४ डिसेंबर २००४ रोजी गूगलने हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांच्यासोबत दीड कोटी ग्रंथ स्कॅन करण्याचा बेत जाहीर केला. जानेवारीत जानने यांचा ‘ल मोंद’ या दैनिकात लेख आला, आणि काही महिन्यांत त्याच शीर्षकाचं छोटं पुस्तक. त्यांचा विरोध डिजिटलीकरणाला होता असं आजही सांगितलं जातं, ते चूक आहे. आक्षेप क्रमवारीला होता. लाखो पुस्तकांतून पहिल्या पानावर कोणती दहा दिसणार हे कोण ठरवणार, कोणत्या निकषाने, आणि त्या निकषात जाहिरातीचं वजन किती? १९८८ मध्ये एडगर फॉर यांच्या निधनानंतर फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दी सोहळ्याची जबाबदारी जानने यांच्याकडेच आली होती. ती क्रांती केवळ इंग्रजी पुस्तकांच्या चष्म्यातून पाहिली तर शूर इंग्रज सरदार आणि रक्तपिपासू क्रांतिकारक एवढंच चित्र उरतं, हा त्यांचा दाखला थेट त्या अनुभवातून आला होता.

या वादातून दोन गोष्टी हाती लागल्या. एक म्हणजे गॅलिकाचा वेग आणि दिशा बदलली. तोवर बहुतेक पुस्तकं केवळ पानांची चित्रं म्हणून चढवलेली होती, तीही मायक्रोफिल्मवरून काळी-पांढरी. २००५ नंतर घाऊक डिजिटलीकरण, चित्रातला मजकूर यंत्राने ओळखणं आणि मोठ्या दैनिकांचे सलग संच यांवर जोर आला. दुसरी गोष्ट युरोपियाना, म्हणजे युरोपभरच्या संग्रहांचं सामाईक संकेतस्थळ. तिच्याकडे पुढे येऊ. वयोमर्यादेमुळे जानने २००७ च्या वसंतात पायउतार झाले.

हा इतिहास वापरताना जाणवतो. एखादं जुनं पुस्तक उघडलं आणि मजकुराचा पर्यायच दिसला नाही, तर ते बहुधा पहिल्या पिढीतलं स्कॅन आहे. त्या पुस्तकातला एकही शब्द शोधात सापडणार नाही. फक्त शीर्षक, लेखक आणि विषय यांवरूनच ते मिळेल. म्हणून ‘गॅलिकावर काहीच नाही’ असा निष्कर्ष शब्दशोधावरून काढू नये. त्याच विषयाचा शोध शीर्षक आणि लेखक या रकान्यांतून पुन्हा करावा.

एक प्रत्यक्ष शोध करून पाहू. ज्यूल जानने ३ जून १९३२ रोजी सेनेटचे अध्यक्ष निवडले गेले. राष्ट्राध्यक्ष पोल दुमेर यांचा खून झाला होता, सेनेटचे अध्यक्ष आल्बेर लब्रँ त्यांच्या जागी गेले, आणि ही खुर्ची रिकामी झाली. त्या दिवसांची वृत्तपत्रं काय म्हणतात?

सर्वसाधारण चौकटीत आडनाव टाकलं की ढीगभर निकाल येतात: पुस्तकं, वार्षिक नोंदवह्या, कायद्यांची संकलनं, नातवाचीही पुस्तकं. हा रस्ता सोडावा. ‘वृत्तपत्रं आणि नियतकालिकं’ या विभागात जाऊन दैनिकाचं नाव निवडावं. इथेच पहिली अडचण येते. ‘ल ताँ’, ‘ल मातँ’, ‘ल जुर्नाल’ ही नावं म्हणजे फ्रेंचमधले रोजच्या वापरातले शब्द. ती सर्वसाधारण चौकटीत टाकली की पानंच्या पानं फालतू निकाल येतात. प्रगत शोधात जाऊन नाव ‘शीर्षक’ रकान्यात टाकावं आणि दस्तऐवजाचा प्रकार नियतकालिक असा ठेवावा. किंवा विभागातल्या मोठ्या दैनिकांच्या यादीतून थेट निवडावं. दैनिकाचं पान उघडलं की वर्षांची पट्टी दिसते. वर्षावर टिचकी मारली की बारा महिन्यांचं कॅलेंडर येतं आणि ज्या तारखेचा अंक आहे ती तारीख उठून दिसते. गॅलिकातली सर्वांत चांगली सोय हीच. कोणता अंक आहे आणि कोणता नाही हे एका नजरेत कळतं, आणि ‘या दिवशी बातमी नव्हती’ व ‘या दिवसाचा अंकच चढवलेला नाही’ यातला फरक समजतो. संशोधनात हा फरक फार मोलाचा.

तारीख मात्र डोळे मिटून निवडू नये. ‘ल ताँ’ सायंदैनिक होतं आणि अंकावर दुसऱ्या दिवसाची तारीख छापत असे. दुपारच्या सभागृहातली घडामोड त्या संध्याकाळच्या अंकात पूर्ण येईलच असं नाही. म्हणजे ३ जूनच्या घटनेसाठी ४ आणि ५ जून अशा दोन्ही तारखांचे अंक उघडायला हवेत. ‘ल मातँ’ किंवा ‘ल पती पारिझियाँ’ ही सकाळची पत्रं. त्यांचा ४ जूनचा अंक पुरतो. हा नियम माहीत नसल्यामुळे दोन पत्रांपैकी एकाने ‘उशिरा’ बातमी दिली असे निष्कर्ष काढले जातात, आणि ते साफ चुकीचे असतात. डिसेंबर १९४४ मध्ये ‘ल ताँ’च्याच इमारतीत सुरू झालेल्या ‘ल मोंद’नेही हीच रीत उचलली: पहिला अंक १८ तारखेला विकला गेला, त्यावर तारीख १९.

वर्तमानपत्राचा अंदाज आला की संसदेच्या कामकाजाचा मूळ वृत्तान्त पाहावा. ‘जुर्नाल ऑफिसिएल’ची, म्हणजे सरकारी राजपत्राची, संसदीय चर्चांची मालिका गॅलिकावर आहे, प्रतिनिधिसभा आणि सेनेट यांची वेगवेगळी. तिथेही कॅलेंडर आहे. अंकाची तारीख सहसा बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची असते, पण पानाच्या माथ्यावर बैठकीची तारीख स्पष्ट छापलेली असते. संदर्भ देताना ती द्यावी.

मग अंकाच्या आत शब्द शोधायचा. अंक उघडलेला असताना त्याच्यापुरता शोध करता येतो. सापडलेला शब्द पानावर रंगवून दाखवला जातो. इथे मजकूर-ओळखीचा खरा कस लागतो. जानने हे आडनाव रोमन लिपीत लिहिलं की त्यात तीन ‘एन’ आणि तीन ‘ई’ येतात. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ‘एन’चा ‘यू’ होतो, ‘ई’चा ‘सी’ होतो. दुसरं, वृत्तपत्राचे रकाने अरुंद. नाव ओळीच्या शेवटी तुटतं आणि पहिला तुकडा नेमका ‘जान’ हे सर्वसामान्य स्त्रीचं नाव बनतो. तुटलेले तुकडे कधी जोडले जातात, कधी नाही. म्हणून एका नावाचे तीन-चार बिघडलेले पर्याय मुद्दाम शोधावेत, आणि नावाऐवजी पद, म्हणजे ‘सेनेटचे अध्यक्ष’ हा शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकून पाहावा. दोन शब्द एकमेकांच्या जवळ आले असतील तरच दाखव, असा जवळिकीचा शोध प्रगत चौकटीत आहे. आडनाव आणि पद यांची जोडी त्यात उत्तम चालते.

मजकूर-पर्याय उघडला की सुरुवातीलाच गॅलिका सांगते की हा मजकूर यंत्राने ओळखलेला आहे, आणि त्या दस्तऐवजासाठी ओळखीचं अंदाजे प्रमाण टक्क्यांत देते. ही प्रामाणिक गोष्ट आहे, आणि इतर बऱ्याच डिजिटल ग्रंथालयांत ती नसते. पण आकड्याने फसू नये. ९८ टक्के ऐकायला छान वाटतं. हा हिशोब अक्षरांचा धरला तर पन्नास अक्षरांत एक चूक, म्हणजे साधारण दर आठ-दहा शब्दांत एक बिघडलेला शब्द. आणि चुका सारख्या विखुरलेल्या नसतात. अग्रलेख स्वच्छ असतो. बारीक टायपातल्या बाजारभावांत, निधनवार्तांत आणि घडीवर आलेल्या ओळींत चुका साचतात. आडनावं नेमकी तिथेच असतात.

जुन्या काळात मागे गेलं की आणखी एक गोंधळ येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आधीच्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो. क्रांतिकाळातल्या पत्रांत शोध घेताना शब्दातल्या ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून दुसरा शोध करावाच. रकान्यांची गल्लत हा तिसरा दोष: यंत्र एका रकान्याची ओळ संपवून शेजारच्या रकान्याची ओळ जोडतं, आणि दोन बातम्यांचं मिश्रण होतं. त्यामुळे जवळिकीचा शोध कधी कधी भलत्याच जोड्या दाखवतो. मूळ पानाचं चित्र पाहिल्याशिवाय एकही उतारा उचलू नये.

या चुका वाचकाला दुरुस्त करता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ट्रोव्ह ही सेवा वाचकांना वृत्तपत्रांचा मजकूर सुधारू देते, आणि तिथे स्वयंसेवकांनी अफाट काम केलं आहे. गॅलिकावर दोष कळवता येतो, सुधारता येत नाही. इतका जाणकार वाचकवर्ग असताना ही सोय नसणं मला सर्वांत जास्त खटकतं.

उतरवून घेण्याची व्यवस्था मात्र चोख आहे. पूर्ण दस्तऐवज पीडीएफमध्ये, एक पान जेपीईजीमध्ये, किंवा नुसता मजकूर. जाडजूड खंड असेल तर पूर्ण पीडीएफ मागू नये. पानांची मर्यादा देता येते, ती द्यावी. पानाचा ठरावीक तुकडा पूर्ण स्पष्टतेत हवा असेल तर आयआयआयएफ या मानक पद्धतीने मिळतो. व्यंगचित्रं, नकाशे आणि छायाचित्रांसाठी हाच मार्ग योग्य. झपाट्याने एकामागून एक शेकडो पानं मागितली की सर्व्हर रोखतो. स्वयंचलित आज्ञावली लिहिणाऱ्यांनी प्रत्येक मागणीमध्ये काही सेकंदांचा अवकाश ठेवावा.

संदर्भासाठी प्रत्येक दस्तऐवजाला ‘आर्क’ नावाचा कायमचा क्रमांक असतो. ब्राउझरच्या पट्टीत दिसणारा लांबलचक पत्ता टिपू नये, त्यात शोधाचे शब्दही चिकटलेले असतात. आर्क क्रमांक असलेला स्थायी दुवाच टिपावा. आणि ‘दृश्य’ क्रमांक म्हणजे पान क्रमांक नव्हे: मुखपृष्ठ, कोरी पानं, सगळं मोजून दृश्य क्रमांक येतो. पुस्तकाचं १२ वं पान हे २० वं दृश्य असू शकतं. संदर्भात छापील पान द्यावं, दुव्यात दृश्य असतंच.

वापराच्या अटी सोप्या आहेत. सार्वजनिक मालकीच्या साहित्याचा बिगर-व्यावसायिक वापर आणि विद्वत्प्रकाशनातला वापर मोफत. ‘स्रोत: गॅलिका / बीएनएफ’ असा उल्लेख बंधनकारक. व्यावसायिक वापराला परवाना आणि शुल्क लागतं. शतकापूर्वी हक्क संपलेल्या पानाच्या छायाचित्रासाठी पुस्तक प्रकाशकाकडून पैसे घ्यावेत का, हा जुना वाद आहे. माझं मत घेऊ नयेत असंच आहे.

आता मोठी पोकळी. गॅलिकावरची बहुतेक मोठी दैनिकं १९४० ते १९४४ च्या दरम्यान थांबतात, कारण ती पत्रंच थांबली किंवा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर बंद केली गेली. आणि या चार वर्षांत नाव तेच असलं तरी पत्र तेच नसतं. जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या तसं ‘ल ताँ’ दक्षिणेकडे गेलं आणि पुढे लियोंहून निघत राहिलं. ‘ल मातँ’ काही दिवसांतच पॅरिसमध्ये जर्मनांच्या छायेत पुन्हा सुरू झालं. कॅलेंडरमध्ये ही तारखांची पट्टी अखंड दिसते, त्यामुळे धोका जास्त. जून १९४० च्या आधीचा आणि नंतरचा ‘ल मातँ’ एकाच सलग मताचा पुरावा म्हणून वापरू नये. १० जुलै १९४० रोजी विशी गावच्या कॅसिनोत भरलेल्या संसदेच्या संयुक्त बैठकीत ५६९ विरुद्ध ८० मतांनी मार्शल पेतँ यांच्या हाती सर्वाधिकार गेले. त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी ज्यूल जानने होते. त्यांची १९३९ ते १९४२ ची राजकीय दैनंदिनी नातवाने १९७२ साली संपादित करून छापली. त्या काळची वृत्तपत्रं आणि ती दैनंदिनी शेजारी ठेवून वाचली की कोणत्या पत्राने काय गाळलं ते दिसू लागतं.

१९४४ नंतरचं बरंच साहित्य हक्कांमुळे बंद आहे. त्यातलं काही डिजिटल झालेलं असलं तरी केवळ बीएनएफच्या इमारतीतल्या संगणकांवर दिसतं. ‘ल मोंद’ गॅलिकावर नाही; त्याचा संग्रह वर्गणीदारांसाठी त्याच्याच संकेतस्थळावर आहे. बीएनएफच्याच छत्राखाली २०१६ साली सुरू झालेली रेत्रोन्यूज ही वर्गणीची सेवा १६३१ च्या ‘गाझेत’पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची वृत्तपत्रं देते. तिचा शोध गॅलिकापेक्षा नेटका आहे, गाळण्या चांगल्या आहेत. प्रबंधाच्या कामाला काही महिन्यांची वर्गणी वसूल होते. एखाद-दुसरा अंक पाहायचा असेल तर आधी गॅलिकाच पाहावी, तिथे तो फुकट असण्याची शक्यता बरीच.

रेडिओ आणि टीव्हीचा अभ्यास करणाऱ्याला गॅलिका जवळपास निरुपयोगी. तिथे इना, म्हणजे राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्था. इथे जानने यांच्या कारकिर्दीचा दुसरा धागा येतो. १९५९ ते १९६८ या काळातल्या टीव्हीवरच्या वार्तापटांचा अभ्यास त्यांनी मोनिक सोव्हाज यांच्यासोबत १९८२ साली प्रसिद्ध केला. छापील कागद राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याची सक्ती फ्रान्समध्ये १५३७ पासून, पण प्रक्षेपित कार्यक्रमाला तशी सक्ती नव्हती. चित्रफीत जपायची की पुसून पुन्हा वापरायची हे प्रक्षेपकाच्या मर्जीवर. इतिहासकार लेखी वर्णनावर काम करत, मूळ कार्यक्रम पाहायला मिळणं हा नशिबाचा भाग. जानने १९८२ सालीच रेडिओ फ्रान्सचे अध्यक्ष झाले आणि १९८६ पर्यंत राहिले. म्हणजे प्रक्षेपकाची बाजूही त्यांनी आतून पाहिली. १९९१ मध्ये ते परदेशी व्यापाराचे राज्यमंत्री झाले, आणि एप्रिल १९९२ पासून संचार खात्याचे, म्हणजे वृत्तपत्रं, रेडिओ आणि टीव्हीच्या खात्याचे. ‘ला सँक’ ही खासगी वाहिनी त्याच महिन्यात बंद पडली आणि सप्टेंबरमध्ये तिच्या लहरींवर ‘आर्ते’ ही वाहिनी आली. वर्तमानपत्रांत गाजलं ते हेच. अभ्यासकांच्या दृष्टीने त्या वर्षातली मोठी घटना २० जून १९९२ चा कायदा: रेडिओ-टीव्हीचे कार्यक्रमही आता जमा करणं सक्तीचं झालं.

त्या कायद्यातून इनातेक, म्हणजे इनाचं अभ्यासकांसाठीचं केंद्र, उभी राहिली, १९९५ पासून अभ्यासकांसाठी खुली झाली आणि १९९८ मध्ये बीएनएफच्या पॅरिसमधल्या सीन नदीकाठच्या इमारतीत आली. तिच्यातलं साहित्य आणि इनाचं सार्वजनिक संकेतस्थळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखे लोक इथे हमखास चुकतात. संकेतस्थळ २००६ साली सर्वांसाठी खुलं झालं. तिथे आहे ती निवड, तीही लोकांना आवडेल अशी: गाणी, भाषणं, खेळ, जुन्या बातम्यांचे तुकडे. ‘त्या वर्षी टीव्हीने या प्रश्नाला किती वेळ दिला’ याचं उत्तर तिथून कधीच काढू नये. त्यासाठी इनातेकमध्ये जावं लागतं. तिथे जाहिरातींसकट सलग प्रक्षेपण आहे. प्रवेशासाठी संशोधनाचा विषय सांगावा लागतो, पाहणं जागेवरच, फीत घरी नेता येत नाही. प्रादेशिक ग्रंथालयांतही पाहण्याची केंद्रं आहेत, पॅरिसला जायच्या आधी त्यांची चौकशी करावी. आणि १९९५ च्या आधीच्या काळाबद्दल अपेक्षा कमी ठेवाव्यात: जे वाचलं ते प्रक्षेपकांनी वाचवलं तेवढंच, थेट प्रक्षेपित झालेलं पुष्कळसं कुणी टिपलंच नव्हतं.

युरोपियानाबद्दल थोडक्यात. २००५ च्या वसंतात सहा देशांच्या प्रमुखांनी युरोपीय आयोगाला पत्र लिहिलं. मार्च २००७ मध्ये बीएनएफने हंगेरी आणि पोर्तुगालच्या राष्ट्रीय ग्रंथालयांसोबत पहिला नमुना खुला केला, आणि २० नोव्हेंबर २००८ रोजी युरोपियाना सुरू झाली; पहिल्याच दिवशी गर्दीने कोलमडली. जानने यांना हवं होतं ते युरोपीय ग्रंथांचं, आतल्या मजकुरासकट शोधता येणारं ग्रंथालय. झालं ते संग्रहालयं, अभिलेखागारं आणि ग्रंथालयं यांचं सामाईक सूचीपत्र: वस्तूची नोंद दिसते आणि पाहायला मूळ संस्थेकडे जावं लागतं. एखाद्या चित्राच्या किंवा भित्तिपत्रकाच्या प्रती कुठकुठल्या देशांत आहेत हे पाहायला उपयोगी. फ्रेंच वृत्तपत्रांसाठी थेट गॅलिकावर जावं.

ऐकायला आवडत असेल तर फ्रान्स क्युल्त्यूर या रेडिओ वाहिनीवरचा ‘कोंकोर्दांस दे ताँ’ हा जानने यांचा १९९९ साली सुरू झालेला कार्यक्रम रेडिओ फ्रान्सच्या संकेतस्थळावर मोफत आहे. साधारण तासाभराचा भाग, एक विषयतज्ज्ञ पाहुणा, मध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे, आणि आजच्या एखाद्या प्रश्नाला भूतकाळातला समांतर प्रसंग. फ्रेंच चांगली यायला हवी. जानने लांब, घडीव वाक्यांत बोलतात. विषय सुरू करताना त्यावरचा भाग ऐकावा, पाहुण्याचं नाव टिपावं, आणि त्याच्या पुस्तकातून वृत्तपत्रांची नावं व तारखा काढून मग गॅलिकाच्या कॅलेंडरवर जावं. शब्दशोधापेक्षा या क्रमाने काम लवकर होतं.

गॅलिकाचं मुखपृष्ठ इंग्रजीतही आहे, पण साहित्य आणि विषयसूची फ्रेंचच. शोधाचे शब्द फ्रेंचमध्येच टाकावे लागतात, इंग्रजी शब्दांना ती फारशी दाद देत नाही. वैयक्तिक खातं उघडलं तर दस्तऐवज खुणा लावून जपता येतात. खातं मोफत आहे, जरूर उघडावं, आणि प्रत्येक अंक जपतानाच त्याच्या खुणेत छापील तारीख आणि प्रत्यक्ष विक्रीची तारीख, दोन्ही लिहून ठेवाव्यात.